लोकरीचं भरिताचं वांगं: दोन सुयांवर विणायचं, हसतं आणि गुबगुबीत

जळगावकडचं भरिताचं वांगं जांभळं नसतं, हे लोकर घ्यायला जाण्याआधीच मनाशी पक्कं करा. खेळण्यांच्या बहुतेक नमुन्यांत वांगं म्हणजे जांभळा गोळा आणि त्यावर हिरवी टोपी असते. आपल्याकडचं वांगं फिकट हिरवं, त्यावर देठाकडून बुडाकडे उतरणाऱ्या पांढुरक्या रेघा, आणि हातात घेतलं की तळवा भरून जावा इतकं गुबगुबीत. बामणोद, आसोदा ही गावं या वांग्यामुळे घराघरांत माहीत आहेत. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी या वांग्यालाही मिळालं. खान्देशातल्या मुलासाठी वांगं विणायचं तर ते असंच हवं. बघताक्षणी मुलाच्या तोंडून ‘भरिताचं वांगं!’ निघालं पाहिजे.

खाली दिलेल्या मापाने वांगं सुमारे १५ सेंटीमीटर उंच आणि मधोमध साडेनऊ सेंटीमीटर जाड होतं. वरचा देठ वेगळा. सुलट टाका, उलट टाका, टाके घालणं आणि दोन टाके एकत्र विणणं एवढं येत असेल तर हे जमतं. गोल विणायच्या चार सुया लागत नाहीत. सगळं सपाट विणून मागे एक शिवण घालायची आहे.

काय काय लागेल

चारपदरी अ‍ॅक्रेलिक लोकर: फिकट हिरवी २५ ग्रॅम, गडद हिरवी १० ग्रॅम, दुधी पांढरी ५ ग्रॅम. डोळ्यांना आणि तोंडाला थोडी काळी, गालांना हातभर गुलाबी. १० नंबरच्या सुयांची एक जोडी, मोठ्या नेढ्याची बोथट सुई, एक लांब सुई (गादी शिवायची चालते), टाचण्या, आणि भरायला ३५ ते ४० ग्रॅम पॉलिस्टर फायबर. हे उशांमध्ये भरतात तेच. गादीवाल्याकडे सुटं मिळतं.

हिरवा रंग निवडताना दुकानातल्या दिव्याखाली फसायला होतं. गुंडा दारापर्यंत आणून उजेडात बघा. पोपटी नको, तो मिरचीचा रंग झाला. कच्च्या केळीच्या सालीपेक्षा एक छटा फिकट, पिस्ता रंगापेक्षा एक छटा गडद, याच्या मधला रंग वांग्याचा. रेघांसाठी शुभ्र पांढरी लोकर घेऊ नका. हिरव्यावर ती खडूने ओढल्यासारखी दिसते. दुधी किंवा साईच्या रंगाची घेतली की रेघ सालीतूनच उमटल्यासारखी वाटते.

सुयांचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, हे नवीन माणसाच्या लक्षात राहत नाही. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ११ नंबर म्हणजे तीन. याच लोकरीचा स्वेटर विणायचा असता तर आपण ८ किंवा ९ नंबरच्या सुया घेतल्या असत्या. खेळण्याला त्याहून बारीक सुई लागते, कारण आत फायबर दाबून भरलं की वीण ताणली जाते आणि टाक्यांमधून पांढरं डोकावू लागतं. स्वेटरची वीण अंगावर सैल पडायला हवी, तर खेळण्याची वीण साल म्हणून टिकायला हवी.

म्हणून आधी नमुना विणा. ३० टाके घालून एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं ४० ओळी विणा आणि तुकडा टेबलावर न ताणता ठेवा. मधल्या १० सेंटीमीटरमध्ये २५ टाके आणि ३४ ओळी बसल्या पाहिजेत. २२ किंवा २३ टाकेच बसले तर तुमचा हात सैल आहे, ११ नंबरच्या सुया घ्या. २७ बसले तर वांगं थोडं लहान होईल, एवढंच. ते चालतं. सैल वीण मात्र चालत नाही.

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा घामाने लोकर सुईला चिकटते, टाका सरकत नाही, आणि आपण नकळत तो आवळत जातो. त्या दिवसांत सकाळी लवकर बसा, मांडीवर सुती रुमाल ठेवा, आणि मिळाल्या तर धातूऐवजी बांबूच्या सुया वापरा.

वांग्याचं अंग

बुडापासून सुरुवात करून देठाकडे जायचं आहे. सुलट ओळ ही बाहेरची बाजू. सम आकड्याची ओळ सुलट, विषम आकड्याची उलट, हे शेवटपर्यंत बदलत नाही. ‘वाढ’ म्हणजे एका टाक्याचे दोन करायचे: टाका पुढून सुलट विणायचा, डाव्या सुईवरून न काढता त्याच टाक्यात मागून सुई घालून पुन्हा सुलट विणायचा, मग सोडायचा.

फिकट हिरव्या लोकरीचं सुरुवातीचं शेपूट हातभर लांब ठेवून ८ टाके घाला.

ओळ १: सगळे उलट.
ओळ २: प्रत्येक टाक्यात वाढ. १६ टाके.
ओळ ४: (१ सुलट, वाढ) ८ वेळा. २४ टाके.
ओळ ६: (२ सुलट, वाढ) ८ वेळा. ३२ टाके.
ओळ ८: (३ सुलट, वाढ) ८ वेळा. ४० टाके.
ओळ १०: २ सुलट, वाढ, (४ सुलट, वाढ) ७ वेळा, २ सुलट. ४८ टाके.
ओळ १२: (५ सुलट, वाढ) ८ वेळा. ५६ टाके.
ओळ १४: ३ सुलट, वाढ, (६ सुलट, वाढ) ७ वेळा, ३ सुलट. ६४ टाके.
ओळ १५, १६, १७: साध्या.
ओळ १८: (७ सुलट, वाढ) ८ वेळा. ७२ टाके.

मधल्या ३, ५, ७ अशा सगळ्या विषम ओळी उलट विणायच्या. दहाव्या आणि चौदाव्या ओळीत वाढीची जागा मुद्दाम सरकवली आहे. सगळ्या वाढी एकाखाली एक आल्या तर बुडावर आठ कंगोरे पडतात आणि भरल्यावर वांगं आठकोनी दिसतं.

ओळ १९ ते ३९: एकवीस ओळी साध्या, टाके ७२ च. हा वांग्याचा गरगरीत भाग. इथे कंटाळून चार ओळी कमी विणण्याचा मोह होतो. त्या कमी झाल्या की वांग्याचा टोमॅटो होतो.

आता निमुळतं करायचं आहे. वांगं बुडाशी पटकन फुगतं आणि देठाकडे सावकाश आटतं, म्हणून घट लांब अंतरांवर ठेवली आहे.

ओळ ४०: (७ सुलट, २ एकत्र) ८ वेळा. ६४ टाके.
ओळ ४१ ते ४५: साध्या.
ओळ ४६: (६ सुलट, २ एकत्र) ८ वेळा. ५६ टाके.
ओळ ४७ ते ५१: साध्या.
ओळ ५२: (५ सुलट, २ एकत्र) ८ वेळा. ४८ टाके.
ओळ ५३ ते ५५: साध्या.
ओळ ५६: (४ सुलट, २ एकत्र) ८ वेळा. ४० टाके.
ओळ ५७ ते ५९: साध्या.
ओळ ६०: (३ सुलट, २ एकत्र) ८ वेळा. ३२ टाके.
ओळ ६२: (२ सुलट, २ एकत्र) ८ वेळा. २४ टाके.
ओळ ६४: (१ सुलट, २ एकत्र) ८ वेळा. १६ टाके.
ओळ ६६: २ एकत्र, ८ वेळा. ८ टाके.

६१, ६३ आणि ६५ या ओळी उलट. लोकर ५० सेंटीमीटर ठेवून कापा, बोथट सुईत ओवून आठही टाक्यांमधून काढा, पण अजून आवळू नका. कापड सपाट हवं आहे.

प्रत्येक वाढीच्या आणि घटीच्या ओळीनंतर टाके मोजा. एक टाका चुकला तर पुढच्या ओळीचा हिशेब शेवटी जुळत नाही, आणि चूक नेमकी कुठे झाली ते सहा ओळी खाली जाऊन शोधावं लागतं. वहीत ओळींचे आकडे लिहून प्रत्येक ओळीला रेघ मारत गेलात तर मध्येच कुकरची शिट्टी झाली, दारावर कोणी आलं, तरी धागा सापडतो.

सुलट बाजूने कापडावर आडवे पट्टे दिसत असतील, म्हणजे एक ओळ घट्ट आणि एक सैल, तर तुमची उलट ओळ सैल पडते आहे. हे पुष्कळ जणींचं होतं. उपाय सोपा आहे: उलट ओळीसाठी उजव्या हातात एक नंबर बारीक सुई धरा.

पांढुरक्या रेघा

या वांग्याची खरी ओळख रेघांमध्ये आहे, म्हणून इथे घाई करू नका. दोन रंगांची लोकर एकत्र घेऊन रेघा विणत जाता येतात, पण ते टाळलेलं बरं. मागून ओढलेले दोरे ताणले जात नाहीत, त्यामुळे वांगं भरताना बाकीचं कापड फुगतं, रेघांची जागा आत खेचली जाते आणि साल चुणीदार होते. त्यापेक्षा विणून झाल्यावर सुईने टाक्यावर टाका भरायचा.

कापड सपाट पसरा, देठाकडची बाजू वर. विणीतला प्रत्येक टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो. दुधी लोकर सुईत ओवा आणि सुई त्या व्हीच्या खालच्या टोकातून वर काढा. आता त्याच्या वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांच्या मागून सुई उजवीकडून डावीकडे सरकवा आणि पुन्हा त्याच खालच्या टोकात आत घाला. हिरवा टाका दुधी लोकरीने झाकला गेला. लोकर ओढायची नाही, नुसती टेकवायची. ओढली तर खालचा हिरवा दोन्ही बाजूंनी डोकावतो. मग सुई त्याच्या वरच्या टाक्याच्या टोकातून काढा आणि असंच वर चढत जा.

एका रेघेला सहा ते बारा टाके भरा. पुढच्या रेघेपूर्वी तीन ते सात टाके सोडा, पण अंतर सारखं ठेवू नका आणि लांबीही सारखी ठेवू नका. काही रेघा मध्येच दोन टाके सोडून पुन्हा सुरू होऊ द्या. ठरावीक अंतरावर आखल्या तर वांगं कलिंगडासारखं दिसतं. मंडईतलं वांगं समोर ठेवून बघत केलं तर उत्तम. एकूण अठरा ते वीस रेघा पुरतात. पुढच्या मधल्या भागात, साधारण १६ टाके रुंद आणि १४ ओळी उंच एवढी जागा मोकळी सोडा. तिथे चेहरा येणार आहे. शिवण मागे येईल असं धरून ही जागा कापडाच्या बरोबर मध्यावर घ्यायची.

शिवण आणि भरण

सुरुवातीचं लांब शेपूट सुईत ओवून घातलेल्या आठ टाक्यांच्या कडेतून फिरवा आणि आवळा. बूड बंद झालं. तोच दोरा घेऊन बाजूची शिवण सुरू करा. दोन्ही कडा सुलट बाजू वर ठेवून शेजारी मांडा. काठच्या टाक्याच्या आत, दोन टाक्यांच्या मधे, शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे दोरे दिसतात. एक पायरी डावीकडची, एक उजवीकडची, अशी सुई घालत जा आणि चार-पाच पायऱ्यांनंतर दोरा हलकेच ओढा. दोन्ही कडा एकमेकींत मिटतात आणि शिवण दिसेनाशी होते. पंचविसाव्या ओळीपर्यंत आल्यावर थांबा. आता वरचा दोरा आवळून देठाकडचं टोक बंद करा आणि वरून खाली शिवत पंचेचाळिसाव्या ओळीपर्यंत या. मधे सहा सेंटीमीटरची फट राहील, तीच भरायची जागा.

फायबर भरताना त्याचे घट्ट गोळे करून कोंबू नका. गोळा गोळाच राहतो आणि बाहेरून गाठी लागतात. चिमटीत येईल एवढं फायबर घेऊन दोन्ही हातांनी विस्कटा, ढगासारखं झालं की आत घाला. आधी बूड, मग देठाकडचं निमुळतं टोक, शेवटी मधला भाग. निमुळत्या टोकात पेन्सिलच्या बोथट बाजूने नीट पोचवा. तिथे कमी पडलं की काही दिवसांत मान मोडते आणि वांगं वाकडं बसतं. पुरेसं भरलं का, हे दाबून बघा: अंगठ्याने दाबल्यावर खळगा पडावा आणि अंगठा उचलल्यावर लगेच भरून यावा. अंगठा उचलल्यावरही खळगा राहिला तर कमी आहे. विणीतले टाके उघडून आतलं पांढरं दिसायला लागलं तर जास्त झालं.

खान्देशात घरात कापसाची कमतरता नाही, म्हणून तोच भरावा असं साहजिक वाटतं. शोभेला ठेवायचं असेल तर चांगला पिंजलेला कापूस जरूर भरा. वजन छान येतं, हाताला गारही लागतो. पण मूल ते घेऊन झोपणार असेल तर धुवावं लागणारच, आणि कापूस एकदा भिजला की आत गोळा होतो, पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतो. घरचा कापूस घेतलात तर सरकीचा एकही दाणा राहू देऊ नका, तेलाचा डाग साल भेदून बाहेर येतो. वांगं नीट उभं राहावं म्हणून बुडात उडीद-तुरीचे दाणे घालण्याची पद्धत आहे, ती सोडून द्या. दाण्यांत किडे होतात, धुताना ते फुगतात, आणि शिवण उसवली तर दाणा मुलाच्या नाकात किंवा तोंडात जातो.

उभं राहण्यासाठी दोऱ्याची युक्ती पुरते. फट शिवून बंद केल्यावर लांब सुईत फिकट हिरव्या लोकरीचा दुहेरी दोरा ओवा. देठाच्या टोकातून सुई घालून सरळ खाली बुडाच्या मध्यातून काढा. बुडावर एक टाका सोडून पुन्हा वर आणा आणि दोन्ही टोकं ओढा. बूड सेंटीमीटरभर आत गेलं की तिथेच गाठ मारा. बुडाला बैठक येते, वरही देठ बसायला खोलगट जागा तयार होते. जास्त ओढलं तर वांग्याचं सफरचंद होतं, म्हणून ओढताना समोर धरून बघत राहा.

चेहरा

टोपी अजून लावू नका. डोळ्या-तोंडाचे सगळे दोरे देठाच्या टोकातून आत घालायचे आणि तिथेच बाहेर काढून गाठ मारायची. नंतर टोपीखाली सगळ्या गाठी झाकल्या जातात.

आधी टाचण्या लावून चेहरा कसा दिसतो ते बघा. डोळे वांग्याच्या बरोबर मध्यावर किंवा त्याहून थोडे खाली, एकमेकांपासून साडेतीन सेंटीमीटर दूर ठेवा. डोळे वर आणि जवळ आले तर चेहरा वयस्क आणि रागीट दिसतो. खाली आणि दूर ठेवले तर लहान मुलासारखा निरागस होतो. प्रत्येक डोळा काळ्या लोकरीने एकाच जागी पाच-सहा आडवे टाके घालून भरा. वर दुधी लोकरीचा तांदळाएवढा एक टाका दिला की नजर जिवंत होते. तोंड डोळ्यांच्या दीड सेंटीमीटर खाली, लोकरीचे दोन पदर सोडवून उरलेल्या दोन पदरांनी, पाच लहान टाक्यांत कमानीसारखं. गालांवर गुलाबीचे दोन-दोन टाके, रेघांसाठी केले तसेच.

बटणं, मणी, चिकटवायचे प्लास्टिकचे डोळे लावू नका. तीन वर्षांखालचं मूल पहिल्यांदा तेच ओढून तोंडात घालतं. लोकरीचा डोळा तितकाच बोलका दिसतो.

देठ आणि टोपी

टोपी गडद हिरव्या लोकरीने, सगळ्या ओळी सुलट विणून करायची. साध्या विणीच्या कडा गुंडाळल्या जातात. दोन्ही बाजूंनी सुलट विणलेलं कापड सपाट राहतं, म्हणून पाकळ्या वांग्याला चिकटून बसतात.

एका पाकळीसाठी २ टाके घाला. प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात वाढ करून बाकीचे सुलट विणा. सहा ओळींत ८ टाके होतील. लोकर १५ सेंटीमीटर ठेवून कापा आणि पाकळी सुईवर मागे सरकवून ठेवा. त्याच सुईच्या मोकळ्या टोकाकडे पुन्हा २ टाके घालून दुसरी पाकळी विणा. अशा पाच. पाचवी झाल्यावर लोकर कापायची नाही. सुई फिरवून पाचही पाकळ्यांवरून एक सलग सुलट ओळ विणा. आता ४० टाके जोडले गेले. जोडणीपूर्वी पाकळ्या एकाच दिशेने आहेत ना ते बघा. एखादी उलटी फिरली तर टोपीला पीळ पडतो.

पुढे एक ओळ सुलट. मग (२ सुलट, २ एकत्र) १० वेळा, ३० टाके. एक ओळ सुलट. (१ सुलट, २ एकत्र) १० वेळा, २० टाके. एक ओळ सुलट. २ एकत्र १० वेळा, १० टाके. आता देठ: एक ओळ उलट, एक ओळ सुलट अशा १० ओळी. शेवटी २ एकत्र ५ वेळा, लोकर कापून पाच टाक्यांतून काढा आणि आवळा. देठाची आणि टोपीची कड शिवताना देठाच्या शिवणीचा दोरा थोडा जास्त ओढला की देठ एका बाजूला वाकतो. खऱ्या देठाला असाच बाक असतो. देठात चिमूटभर फायबर घाला. दोन पाकळ्यांच्या मधे जोडणीला भोक राहिलं असेल तर तिथल्याच शेपटाने दोन टाके घालून बुजवा.

टोपी वांग्यावर ठेवून पाचही टोकं टाचण्यांनी टेकवा. शिवण मागच्या शिवणीवर येऊ द्या. त्याच लोकरीने कडेने बारीक टाके घाला. पाकळ्यांची टोकं मोकळी सोडलीत तर मूल तिथेच धरून ओढतं, म्हणून टोकावर दोन टाके जास्तीचे.

सोबत कळण्याची भाकरी

वांगं एकटंच कशाला? भरीत म्हटलं की कळण्याची भाकरी आलीच. ज्वारी आणि उडदाच्या या भाकरीचा करडा-तपकिरी रंग आणि त्यातले काळे ठिपके लोकरीत फार छान उतरतात. मूल वांग्याला भाकरीवर झोपवतं, भाकरीत गुंडाळतं, खेळ रंगतो. भाकरी १६ सेंटीमीटर व्यासाची होते, २५ ग्रॅम करडी लोकर पुरते, आणि तिची वीण एकदा हाताला बसली की बघावंही लागत नाही.

२० टाके घाला. सगळं सुलट. २० विणा, वळा, परत २० विणा. १८ विणा, वळा, परत १८. मग १६, १४, असं दोन-दोन कमी करत शेवटी २ विणा, वळा, परत २. ही झाली भाकरीची एक फोड. न विणलेले टाके सुईवरच राहतात, ती भाकरीच्या मध्याची बाजू. पुन्हा २० पासून सुरू करा. अशा १२ फोडी. वळल्यावर पहिला टाका न विणता उचलून घ्या आणि लोकर जरा आवळा, म्हणजे वळणावर भोक पडत नाही. शेवटी टाके सैल बंद करा, सुरुवातीच्या कडेला शिवा आणि मध्यातलं भोक दोरा फिरवून आवळा.

भाकरीची कड झालरीसारखी लहरली तर एक फोड उसवा, अकरा पुरतील. वाटीसारखी वर उचलली गेली तर एक फोड वाढवा. हे तुमच्या हाताच्या घट्टपणावर अवलंबून आहे. ठिपके काळ्या लोकरीच्या एकाच पदराने, विखुरलेले. तव्यावर लागलेले डाग दाखवायचे तर तपकिरी लोकरीचे चार-पाच टाके जवळ जवळ घाला.

धुणं

थंड पाणी, थोडा शाम्पू, हलक्या हाताने दाबायचं. पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबलं की बरंचसं पाणी निघतं. मग सावलीत, वाऱ्यावर, जाळीवर किंवा उलट्या टोपलीवर ठेवून वाळवा. दोरीला देठाने टांगलं तर ओल्या वजनाने मान लांबते आणि पुन्हा आखडत नाही. उन्हाळ्यात गच्चीवर दुपारभर ठेवलेला फिकट हिरवा रंग लवकर विटतो. इस्त्री तर अजिबात नको. गरम इस्त्रीखाली अ‍ॅक्रेलिक लोकर मरते, म्हणजे टाके चपटे आणि चकचकीत होतात आणि वीण पुन्हा फुगत नाही. चंपाषष्ठीच्या नैवेद्याला भरीत-रोडगा होतो त्या थंडीच्या दिवसांत धुवायचं असेल तर सकाळी लवकर धुवा. दाट भरलेलं वांगं आतून वाळायला पूर्ण दिवस घेतं. वरून कोरडं वाटलं तरी बुडाला हात लावून बघा, गार लागलं तर आत अजून ओल आहे.